फ्लेक्स लागला, पुढे काय?

गावातलं पोरगं परदेशी शिकायला निघालं की चौकात फ्लेक्स लागतो. शाल येते, श्रीफळ येतं, पुढाऱ्यासोबत फोटो येतो. युनिव्हर्सिटीचं डिपॉझिट कोणत्या तारखेच्या आत भरायचंय, हे मात्र त्या फ्लेक्सवरच्या एकालाही ठाऊक नसतं.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा. सहा तालुक्यांचा हा वाशिम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झाला आणि 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. आकांक्षेला इथं तोटा नाही. पोरांना हवाय तो तारखा सांगणारा माणूस.

ब्रिटनमधलं एमए, एमएस्सी बहुतेक ठिकाणी एका वर्षात होतं. घरच्यांना वाटतं, एकच वर्ष ना, निघून जाईल. खरी अडचण तीच. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले दोन महिने चाचपडण्यात गेले तर भरून काढता येतात. एका वर्षात ते गेले की पहिलं सत्रच गेलं.

तयारी कधी सुरू करायची? आपल्याकडे सोयाबीन खळ्यावर येतं, तेव्हा. ऑक्टोबरच्या सुमारास तिकडच्या पुढच्या वर्षाचे अर्ज सुरू झालेले असतात. आपली पोरं जागी होतात शिष्यवृत्तीची जाहिरात वाचून, म्हणजे उन्हाळ्यात.

तोवर पेरणीची वेळ टळलेली असते.

आधी नावाचं बघा. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. गावात याने कुणाचं काही अडत नाही. व्हिसाच्या टेबलावर मात्र एकाच पोराची तीन माणसं होतात. ही दुरुस्ती बारावीनंतरच करून घ्यायला कॉलेजमधल्या कुणी कधी सांगितलंय का?

ट्रान्सक्रिप्ट अमरावती विद्यापीठातून आणायची, म्हणजे कारंजामार्गे एसटीच्या फेऱ्या आल्या. व्हिसासाठी टीबीची तपासणी ब्रिटनने नेमून दिलेल्या केंद्रावरच व्हायला हवी, जिल्हा रुग्णालयाचा एक्स-रे चालत नाही. तो दाखला सहा महिनेच टिकतो. लवकर काढला तर वाया, उशिरा काढला तर विमान चुकलं.

आता पैसा. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो आणि त्यावर आरोग्य अधिभार बसतो 1,164 पौंड. पौंड 115 रुपये धरला तर एक लाख तेहतीस हजारांच्या वर. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे पंचवीस क्विंटल सोयाबीन गेलं, आणि अजून ना फी भरली, ना तिकीट काढलं.

तेही हमीभाव हातात पडला तर.

कर्ज काढू म्हणता? बापाकडे दहा एकर आहे. पण 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे. कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याने ती ताब्यात घेता येत नाही. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला शेती तारण ठेवून घ्यायला बँका नाखूश असतात. गावठाणातलं घर दाखवावं तर हातात ग्रामपंचायतीचा नमुना आठ. तो घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक आजच काढून ठेवा. पोरगं बारावीत असलं तरी काढा.

आणि शिष्यवृत्ती? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या मुलांसाठी आहे, वर्षाला 75 जागा. योजना मोलाची आहे, तिने अनेक घरांतली पहिली पिढी विमानात बसवली. पण जाहिरात उन्हाळ्यात, छाननी पावसाळ्यात, आणि यादी लागेपर्यंत अनेकदा तिकडचे वर्ग भरायची वेळ झालेली असते. डिपॉझिटची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. ते डिपॉझिट कुणी भरायचं? मजुरी करणाऱ्या आईनं?

रकमेचंही तेच. ही योजना वर्षानुवर्षं ब्रिटनमधल्या निर्वाहासाठी 9,900 पौंड धरत आली. खुद्द ब्रिटन सरकारचा हिशेब वेगळा आहे. लंडनबाहेर नऊ महिने राहायचं तर साडेदहा हजार पौंड, लंडनमध्ये पावणेचौदा हजारांच्या घरात. आपलं वर्ष त्यांच्या नऊ महिन्यांनाही पुरत नाही.

केंद्राचंही बघा. 2025 च्या जुलैत नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपसाठी निवडलेल्या 106 जणांपैकी सुरुवातीला पत्रं मिळाली 40 जणांना. बाकीच्यांना उत्तर मिळालं की निधी आला तर देऊ. बॅग भरलेल्या पोरानं त्या 'तर'वर किती दिवस बसायचं?

हे दुखणं जुनं आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये बाबासाहेबांना लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, मित्र नवल भथेनांकडची उसनवारी आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. त्याच महाराजांच्या नावाची योजना आज डिपॉझिटची तारीख चुकवते.

त्याहून जुनी गोष्ट आनंदीबाई जोशींची. 1883 मध्ये त्या अमेरिकेला पोचल्या तेव्हा रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. पण पुढे शिकायला गेल्या तिथल्या, फिलाडेल्फियातल्या खोलीची शेगडी धूर सोडायची. पेटवली तर धूर, विझवली तर थंडी. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या, 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. तेव्हा भाड्यात हीटिंगचं बिल धरलंय का, हा प्रश्न पोरानं विचारला तर त्याला किरकोळ म्हणू नका.

खोलीवरून आठवलं. तिकडचा घरमालक सहसा ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतो. मानोऱ्याच्या तांड्यावरच्या मुलीला लीड्समध्ये जामीन कोण राहणार? जामीनदार नसला की मे 2026 पर्यंत इंग्लंडमध्ये काही महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. हा खर्च कुठल्याच कन्सल्टंटच्या कागदावर नसायचा.

विद्यापीठाच्या हॉस्टेलचा अर्ज वेळेत भरला तर हा फासच गळ्यात पडत नाही. पण तो भरायचा असतो, हे सांगायला आधी गेलेलं कुणीतरी लागतं.

असं कुणीतरी फार लांब नाही. रिसोडच्या शिवेपलीकडे लोणार तालुका. तिथल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे 2021 मध्ये ब्रिटन सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले. त्यांची एकलव्य ही संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना अर्जापासून निबंधापर्यंत हाताला धरून नेते. एक माणूस जाऊन आला, त्यानं वाट मागच्यांना दाखवली. मग दर साल कन्सल्टंटला पैसे मोजून तीच वाट नव्यानं का शोधायची? वाशिम जिल्ह्यातून आजवर कोण कोण गेलं, त्यांची साधी वही एखाद्या कॉलेजात आहे का?

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे. गणपतीला तिथं गेलं की मराठी कानावर पडतं, ओळखी होतात. पण गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात असतात. पोरगं खचतं ते डिसेंबरात.

तेव्हा ते घरी फोन करून सांगतं, सगळं बरं आहे. आई विचारते, जेवला का? ते म्हणतं, हो. फी अडकली, पेपर राहिला, आठ दिवस कुणाशी बोललो नाही, यातलं काही ते सांगत नाही. कारण चौकातला फ्लेक्स अजून उतरलेला नसतो.

म्हणून मागणी छोटी आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या कॉलेजनं एक खोली उघडावी. भिंतीवर तारखा लिहाव्यात: पासपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, अर्ज, डिपॉझिट, टीबी, हॉस्टेल. जाऊन आलेल्यांचे नंबर, त्यांना विचारून, वहीत असावेत. समाजकल्याणच्या कार्यालयानं महिन्यातून एक दिवस तिथं माणूस बसवावा. फ्लेक्सच्या खर्चात खोलीचं वीजबिल निघेल.

आणि तिथला फोन रात्री साडेनऊलाही कुणीतरी उचलावा. हिवाळ्यात लीड्समध्ये तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, आणि डिसेंबरात चारलाच अंधार पडलेला असतो.