कोपऱ्यात किती वाजले?

आमच्या शिरूरच्या एका पतसंस्थेत आण्णा हेडक्लार्क आहेत. कागदोपत्री. खरा जीव टीव्हीत. शिरूर, न्हावरे, केडगाव, दौंड, प्रत्येक शाखेत काउंटरच्या वर एक टीव्ही टांगलाय आणि त्यावर काय फिरायचं ते शिरूरला बसून आण्णा ठरवतात. ठेवींचे व्याजदर, सोनेतारणाचा भाव, कांद्याचा बाजारभाव, सभासदांचे वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली आणि शेवटी सुविचार. सुविचार आण्णांचा स्वतःचा असतो, खाली नाव कुणा थोराचं.

एक स्लाइड किती वेळ थांबवायची यावर एकदा अध्यक्षांशी वाजलं. अध्यक्ष म्हणाले, पाच सेकंद पुरे. आण्णांनी घरी आईला चष्मा लावून बसवलं, व्याजदर मोठ्यानं वाचायला लावले आणि चौदा सेकंदांवर अडून बसले. "म्हातारीचं वाचून झालं पाहिजे. ठेव तिचीच असते."

प्रत्येक टीव्हीमागे एक रास्पबेरी पाय चिकटवलाय. २०१२ साली ब्रिटनमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला निघालेला हा तळहाताएवढा संगणक आता न्हावऱ्यात कांद्याचा भाव सांगतो. दर दहा मिनिटांनी तो शिरूरला विचारतो, नवीन काही आहे का? असलं तर उतरवून घेतो. नसलं, किंवा नेटच नसलं, तर जुनंच फिरवत राहतो.

या शेवटच्या सोयीनंच घात केला. रस्त्याच्या कामात केबल तुटली आणि एका शाखेत तुळशीची लग्नं उरकली तरी दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा चालूच. त्याचं कुणाला काही नव्हतं. दिवाळीतला सोन्याचा भावही तसाच राहिला, तेव्हा मात्र एक बाई बांगड्या घेऊन भांडायला आल्या. तेव्हापासून आण्णा प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकतात. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट. पण तिनं त्यांना आणखी एक नाद लावला. दिवसातून चार वेळा दौंडला फोन.

"मामा, दिसतंय का?"

"दिसतंय की."

"कोपऱ्यात किती वाजले?"

शिपाईमामांनी एकदा भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगितलं. आण्णांनी ते बरोबर पकडलं.

फाँटाचं प्रकरण तर दौंडला अजून सांगतात. आण्णांनी जुन्या सवयीनं वार्षिक सभेची सूचना श्रीलिपीत टाइप केली. दौंडच्या डबीत तो फाँट नव्हता. मामांचा फोन आला, "आण्णा, सूचना इंग्रजीत आलीय, पण मॅनेजरसायबांनाबी वाचता येईना." त्या दिवसापासून युनिकोड. स्लाइड उड्या मारत येण्याचा शौकही असाच सुटला. एका दिवंगत संचालकांचा फोटो तीन गिरक्या घेत आला आणि घरचे समोरच बसलेले होते.

फोनवर कितीही खात्री झाली तरी आण्णांचं समाधान होत नाही. नेटवर्क आहे म्हणून जायला नको, असं संस्थेला वाटतं. नेटवर्क आहे म्हणूनच जायला हवं, असं आण्णांना. रविवारी एसटीनं न्हावरे-चौफुला करत दौंडला जातात, बंद शाखेच्या काचेला नाक लावून आतला टीव्ही बघतात. मग जंक्शनवर जाऊन गाड्यांचा बोर्ड न्याहाळतात. गाडी पकडायची नसते. "बघा, वेळ कोपऱ्यातच आहे," म्हणतात.

परवा त्यांच्या सेवानिवृत्तीचा सत्कार झाला. त्याची स्लाइडही त्यांनीच केली होती. अध्यक्ष हार घेऊन उभे, आणि आण्णांनी खिशातून फोन काढला.

"मामा, दिसतंय का?"

"दिसतंय. पण तुमचं डोकं वर कापलंय."

"जुना टीव्ही आहे, कडा खातो. रिमोट घ्या. मेनू दाबा. पिक्चर... त्याच्या खाली... स्क्रीन साइझ."

अध्यक्षांनी हार खाली ठेवला आणि बसून घेतलं.