मेजाखालचे सत्य

मराठी मध्यमवर्गात जे अनेक अवैतनिक अधिकारी आढळतात, त्यांत चरित्रतपासनिसाचे स्थान वेगळे मानावे लागते. दूरचित्रवाणीवरील निवेदकांच्या, म्हणजे बातम्या वाचणाऱ्या, मुलाखती घेणाऱ्या आणि दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी जागा गोड आवाजाने भरून काढणाऱ्या मंडळींच्या, आयुष्याविषयी जे तपशील लोकांच्या तोंडी आणि छापील मजकुरात फिरत असतात, त्यांना विनातिकीट उतारूप्रमाणे अडवून पुरावा मागणे हे काम त्याने स्वतःकडे घेतलेले असते. ही नेमणूक कोणी केलेली नसल्यामुळे तिच्यातून निवृत्ती नसते. बँकेतली नोकरी संपते, पण तपासणीला त्यानंतरच खरा रंग चढतो. 'साधनचिकित्सा', म्हणजे एखादी माहिती कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे सांगितली याची छाननी, ही इतिहासकारांची पद्धत तो राजवाड्यांच्या निष्ठेने पाळतो. फरक इतकाच की राजवाड्यांनी ती मराठ्यांच्या इतिहासासाठी राबवली आणि हा ती लग्नाच्या पंगतीत, जिलबीचा आग्रह चालू असताना राबवतो.

त्याचे आवडते कार्यक्षेत्र म्हणजे मुंबई दूरदर्शनची सुरुवातीची वर्षे. हे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या काळात वाहिनी एकच असल्यामुळे साडेसातच्या बातम्या वाचणारी व्यक्ती रोज घरी येणाऱ्या नातलगासारखी वाटे. परिणामी तिच्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या पिढीतील प्रत्येकाला मनोमन वाटते. स्मिता पाटील या चित्रपटांत गाजण्यापूर्वी याच केंद्रावर बातम्या वाचत असत, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु पंगतीत कोणी काका जेव्हा "अहो, पहिल्या दिवशी पहिली बातमी स्मितानेच दिली, मी डोळ्यांनी पाहिलंय," असे ठासून सांगतात, तेव्हा तपासनिसाचा घास हातातच राहतो. स्मिताबाईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी त्यांना सतरा वर्षे पुरी व्हायला पंधरा दिवस कमी होते, हा हिशेब तो पानाशेजारच्या रिकाम्या जागेत बोटाने मांडून दाखवतो. काका हार मानत नाहीत. ते स्मिताबाईंची हिरवी, काठापदराची साडी पुढे करतात. त्यावर त्या काळी प्रक्षेपण कृष्णधवल होते आणि रंग १९८२ साली आले, तेव्हा हिरवा रंग काकांनी पदरचा घातलेला असणार, असे तो शांतपणे नमूद करतो. काका मूळचे कोल्हापूरचे निघाले, तर खटला तिथेच निकालात निघतो, कारण १९७२ साली मुंबई केंद्राच्या लहरी कोल्हापूरपर्यंत पोहोचतच नव्हत्या.

याच स्मिताबाईंविषयी एक आख्यायिका, म्हणजे वारंवार सांगितल्याने खरेपणाला चढलेली हकीकत, सर्वत्र ऐकू येते: त्या जीन्स घालून केंद्रावर येत आणि वृत्तवाचनापुरती वरून साडी गुंडाळत. सर्वसाधारण माणूस ही गोष्ट ऐकून हसतो आणि सोडून देतो, पण तपासनिसाच्या लेखी ती साधनचिकित्सेतील अवघड पेच ठरते. वृत्तनिवेदिका मेजामागे बसते आणि पडद्यावर तिचा वरचा अर्धा भागच दिसतो; तेव्हा मेजाखालच्या वस्त्राचा साक्षीदार प्रेक्षक असूच शकत नाही, तो मान फक्त स्टुडिओत प्रत्यक्ष वावरणाऱ्यांचा. म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला तो "आपण वरळीच्या केंद्रात नोकरीला होता का?" असे अत्यंत नम्रपणे विचारतो. त्या नम्रतेमुळे आजवर किती स्नेहसंबंध तुटले, याची नोंद मात्र त्याच्या वहीत नाही.

जन्मतारखांच्या बाबतीत तो विशेष कडवा असतो. कोणाही निवेदकाची जन्मतारीख १ जून आढळली की त्याची भुवई वर जाते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीसाठी हीच तारीख टाकून दिलेली माणसे महाराष्ट्रात गावोगाव सापडतात. (त्याची स्वतःची तारीखही १ जूनच आहे, त्या प्रकरणाची चौकशी प्रलंबित आहे.)

या माणसाला सत्याची ओढ असते असे समजणे मात्र घाईचे होईल. त्याला ओढ असते ती चुकीची. माहिती बरोबर निघाली की त्याचा चेहरा पडतो, आणि तबस्सुम यांच्या प्रकरणात नेमके तेच घडले. १९७२ पासून 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' या कार्यक्रमात दोन दशके चित्रपटतारकांना बोलते करणाऱ्या या बाईंना दोन नावे असल्याचे त्याने ऐकले, तेव्हा मोठे घबाड हाती लागल्याच्या आनंदात त्याने दोन स्वतंत्र फायली उघडल्या. तपासाअंती दोन्ही नावे खरी ठरली: आई मुसलमान आणि वडील हिंदू असल्याने वडिलांनी पत्नीच्या धर्माचा मान राखून मुलीला तबस्सुम म्हटले, तर आईने पतीच्या धर्माचा मान राखून किरणबाला हे नाव दिले. १९५१ च्या 'दीदार'मधली लहानगी नर्गिस म्हणजेच या बाई, हेही खरे निघाले. उरली होती ती शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी जिन्यात सांगितलेली बातमी, की तबस्सुम या रामाच्या वहिनी. असली जिन्यातली बातमी तरी खोटी असणारच, अशा भरवशावर त्याने आठवडा घालवला आणि 'रामायण' मालिकेत राम झालेल्या अरुण गोविल यांचे थोरले बंधू विजय गोविल हे तबस्सुम यांचे पती होत, या निष्कर्षाला तो अत्यंत नाखुशीने येऊन पोहोचला. मान्य करण्यासाठी तो वरच्या मजल्यावर गेला, तेव्हा काकूंनी निकाल ऐकून घेतला, आमटीखालचा गॅस बारीक केला आणि समाधानाने म्हटले, "बघा, मी म्हटलंच होतं. म्हणजे सीतेची जाऊच की ती!" तपासनिसाच्या चेहऱ्यावर आठवड्याभरात प्रथमच तेज आले, त्याने स्वयंपाकघरातला पाट ओढला, चष्मा पुसला आणि त्या मालिकेत सीता झालेल्या दीपिका चिखलिया यांच्यापासून सुरुवात केली.