सायकलीला मागचा डोळा

उदगिरात कुणाला कॅमेरा विकत घ्यावासा वाटावा, हेच मुळात नवल. इथं चौबाऱ्यात शिंकलं तर नाईक चौकात पोचेपर्यंत तिघं जण काढा सांगतात. कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे कुठून आले, गाडी कोणाची होती, पोहे खाल्ले की नुसत्या चहावर उठले, याचं रेकॉर्डिंग गावाला तोंडपाठ असतं. त्याला ना बॅटरी लागते ना मेमरी कार्ड. अडचण एवढीच, की याच चौकात एखाद्या टमटमनं सायकलवाल्याला उडवलं की सगळ्यांचं रेकॉर्डिंग क्षणात पुसलं जातं. "मी तर आत्ताच आलाव." "मी फोनवर बोलूलालतो." "माझं तोंड तिकडं हुतं." एकाच वेळी एका चौकात एवढी पाठमोरी माणसं कशी जमतात, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.

तर अशा या गावात सायकलीला कॅमेरा लावायची टूम निघाली आहे. पहाटे बिदर रोडला पन्नाशीचे गृहस्थ अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, डोक्यावर टरबुजाच्या फोडीसारखं हेल्मेट घालून गिअरच्या सायकली हाकताना दिसतात. आधी त्यांचा वाद सायकल कुठल्या कंपनीची यावर होता. तो मिटला, कारण सगळ्यांनी आपापली घेतली. आता वाद असा, की कॅमेरा पुढं लावावा की मागं. मराठवाड्यात दोन माणसं आणि एक विषय असला की तीन गट पडतात. इथं दोनच पडले, ही सायकलिंगनं साधलेली सामाजिक एकी म्हणायची.

पुढच्या गटात प्रामुख्यानं इच्छुक मंडळी आहेत. कशाला इच्छुक, ते नगरपरिषदेच्या निवडणुका लागल्या की कळतं. त्यांना कॅमेऱ्यात सूर्योदय हवा, हत्तीबेट हवं, किल्ल्याचा बुरूज हवा, आणि वाटेत भेटलेल्या मतदारानं केलेला नमस्कार हवा. त्यातल्या एकानं दुकानात "फ्रंट कॅमेरा" मागितला आणि घरी जाऊन लावल्यावर तक्रार घेऊन परत आला, की यात माझं तोंड दिसत नाही. दुकानातल्या पोरानं समजावलं, "मालक, ह्यो मोबाईल न्हाई. ह्यात रस्ता दिसतंय." मालक म्हणाले, "रस्ता बघून काय करू? तो तर रोज बघूलालाव."

मागच्या गटात शिक्षक, बँकेतले कारकून आणि एक निवृत्त गुरुजी आहेत. आयुष्यात जे काही बसलं ते मागूनच बसलं, असा त्यांचा अनुभव. त्यांचं म्हणणं, पुढून येणारा निदान दिसतो, शिवी देता येते, बाजूला होता येतं. मागून येणाऱ्याचं काय?

या बाबतीत खरं तर उदगीरनं फार मोठी फी भरलेली आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी इथं सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी काम चोख केलं, साठ लाखांचा मुलूख मिळाला, दौलताबादसारखा किल्ला मिळाला. पुढच्या कॅमेऱ्यातली फीत म्हणाल तर एक नंबर. पण त्याच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, १० जानेवारीला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेपुढं दत्ताजी शिंदे पडले होते. म्हणजे सगळी नजर उदगीरच्या तटावर असताना पाठीमागून अफगाण ट्रक भरधाव निघाला होता. मार्चमध्ये भाऊ परतूरहून उत्तरेकडं निघाले आणि पुढच्या संक्रांतीला पानिपतावर काय झालं ते सांगायला नको. मागच्या गटाचे गुरुजी इतिहासाचे. ते हा दाखला रोज देतात. पुढच्या गटाचं उत्तर एवढंच, "पण लढाई तर जिंकलीच की नाही?"

असो. दुकानात जाऊ.

मागच्या कॅमेऱ्यात दोन जाती. एक ऑस्ट्रेलियाच्या सायक्लिक कंपनीची फ्लाय सिक्स, म्हणजे लाल दिव्याच्या पोटातच कॅमेरा. तिचीच पुढची बहीण फ्लाय ट्वेल्व्ह. दुसरी गार्मिनची, २०२२ साली आलेली. तिच्यात दिवा आहे, कॅमेरा आहे, वर रडारही आहे. मागून १४० मीटरवर गाडी आली की हँडलवर इशारा. गुरुजींनी ती एका पुतण्याकडून आठवडाभर उसनी आणली. पहिल्या दिवशी उमा चौकातून जाताना यंत्र जे वाजायला लागलं ते घरी आल्यावरच थांबलं. रडारचा दोष नाही. मागं अधूनमधून गाडी येईल, असं गृहीत धरून ते बनवलेलं आहे. मागं गाडी नाही असा क्षणच नसेल तर त्यानं करायचं काय? शिवाय त्याला आपल्यापेक्षा वेगानं जवळ येणारीच वस्तू कळते. पुढं रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली देवणी गाय त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

मग पोरगं म्हणालं, "फोर-के घ्या गुरुजी, एकदम क्लिअर." हा फोर-के शब्द विकणाऱ्याला फार लागतो. तीन हजार आठशे चाळीस गुणिले दोन हजार एकशे साठ ठिपके म्हणजे चित्र मोठं, हे खरं. पण धावत्या गाडीचा नंबर वाचता यायला ठिपक्यांपेक्षा शटर झटक्यात मिटणं महत्त्वाचं. रात्री उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि नंबराचा पांढरा फराटा होतो. त्यात समोरचा अप्पर मारत आला असेल तर चित्रात नुसता साक्षात्कार. भिंग रुंद कोनाचं असल्यानं आणखी एक गंमत: तुमच्या कोपराला घासून गेलेला टेम्पो फितीत पलीकडच्या शेतातून गेल्यासारखा वाटतो. पुरावा द्यायला जावं आणि साहेबांनी म्हणावं, "केवढी जागा सोडली होती की बिचाऱ्यानं!"

सगळ्यात मजेशीर भाग मात्र धक्क्याचा. या कॅमेऱ्यांत फीत गोल फिरते. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं. मात्र आपटल्याचा धक्का बसला की आतला संवेदक समजतो, अपघात झाला, आणि ती फीत कुलूप लावून जपून ठेवतो. कल्पना उत्तम. ज्या देशात रस्ता म्हणजे रस्ता असतो तिथं ती चालतही असेल. आपल्याकडं मोंढ्यापर्यंत एक चक्कर मारली की संवेदकाच्या मते एवढे अपघात होतात, की गुरुजी जिवंत कसे याचं त्यालाच कोडं पडावं. प्रत्येक खड्ड्याला एक कुलूप. बघता बघता कार्ड कुलपांनी भरतं, पुसायला काही उरत नाही, आणि खरा धक्का बसतो तेव्हा कॅमेरा नम्रपणे सांगतो, जागा शिल्लक नाही. धक्क्याची संवेदनशीलता कमी करायची सोय असते. ती केली. आता माणूस पडला तरी त्याला काही वाटत नाही. इतकं स्थानिक वळण त्यानं आठवड्यात घेतलं.

बरं, नंबर दिसला तरी तो वाचायचा कसा? या भागात लातूरची एमएच २४ पळते, नांदेडची एमएच २६ पळते, सीमा लागून असल्यानं बिदरची केए ३८ पळते. इथपर्यंत ठीक. पुढचे चार आकडे मात्र ४१४१ असले तर पाटीवर "दादा" असतं आणि ४९१२ असले तर "पवार". उच्च सुरक्षेच्या पाट्यांनी हे बंद होणार म्हणतात. जुन्या गाड्यांना त्या बसवायची शेवटची तारीख ३१ मार्च २०२५ होती. त्यानंतर ती पुन:पुन्हा शेवटची होत राहिली. आणि गाळप सुरू झालं की पाट्यांचा प्रश्नच मिटतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागून येतो तेव्हा मागच्या कॅमेऱ्यात एकच पेटलेला दिवा, "आई-बाबांचा आशीर्वाद" आणि कानठळ्या बसवणारं गाणं येतं. तो पुढं निघून जातो तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यात नुसता ऊस येतो, आणि उसाला लोंबकळणारी दोन पोरं. पाटी उसाखाली, असलीच तर. जाणकार सांगतात, मागच्यानं येताना पकडायचं आणि पुढच्यानं जाताना नंबर टिपायचा, म्हणून दोन्ही घ्या. दोन्ही घेतले. दोन्हींत ऊस आला.

लंडनकडच्या गोष्टी ऐकल्या की आपण कुठल्या जन्मी सायकल चालवतो आहोत असं वाटतं. तिथं सायकलवाला आपली फीत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकतो आणि मोटारवाल्याच्या घरी नोटीस जाते. वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या वेशातले शिपाईच सायकलींवर बसवून घासून जाणाऱ्यांना अडवलं. तासाला तीस मैलांपर्यंत वेग असेल तर सायकलपासून किमान दीड मीटर सोडा, असं त्यांच्या नियमपुस्तकात २०२२ पासून लिहिलेलं आहे. दीड मीटर! नाईक चौकात दीड मीटरमध्ये दोन मोटरसायकली, एक भज्यांचा गाडा आणि त्याचं गिऱ्हाईक मावतं, वर एखादा वाढदिवसाचा फलक. तरी तिकडंही सुख नाही. बीबीसीचे जेरेमी व्हाईन वर्षानुवर्षं अशा फिती टाकत होते. लोकांच्या शिव्यांना कंटाळून २०२५ मध्ये त्यांनी ते थांबवलं.

आपल्याकडं फीत घेऊन जायचं म्हणजे कायदा घेऊन जायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. शिवाय त्या फाईलची हॅश, म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ, लिहायची. आणि ही कटकट दिल्लीकरांनी आपल्यावर लादली असं कुणी समजू नये. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचा सोक्षमोक्ष आपल्या मराठवाड्यानंच लावून घेतला. २०१४ ला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यावरून ठरवायचं होतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रमाणपत्र हवंच. आमदारकीला जे लागतं ते गुरुजींच्या गुडघ्याला माफ कसं होईल? गुरुजींनी ठाण्यात हॅश हा शब्द उच्चारला तेव्हा समोरच्यानं काळजीनं विचारलं, "गुरुजी, ह्या वयात?"

यात एक वकील भेटले. त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली जखमीला भरपाई आहे. १ एप्रिल २०२२ पासून गंभीर दुखापतीला पन्नास हजार, मृत्यूला दोन लाख. वाहन सापडलं तर मग न्यायाधिकरण, विमा कंपनी, तारखा. वकील म्हणाले, "तेव्हा गुरुजी, नंबर दिसणारा कॅमेरा घेताना जरा विचार करा." म्हणजे धूसर चित्राचा स्वस्त कॅमेरा हाही एक विमाच झाला.

या सगळ्या चर्चेत सायकल खरोखर चालवणारी माणसं कुठंच नाहीत, हे जाता जाता सांगायला हवं. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. एका सायकलीला सरकार पाच हजार रुपये देतं. गार्मिनचा तो मागचा कॅमेरा अमेरिकेत चारशे डॉलरना एक सेंट कमी. तेवढ्यात अशा सहा-सात पोरी शाळेत जातात. भल्या पहाटे, गिअरवाल्यांच्याही आधी, अंधारात पेपर टाकत फिरणारा पोरगा तर मागं लाल काचेचा तुकडासुद्धा नसलेल्या सायकलवर असतो. त्याला कुणी विचारलं नाही, पुढचा घेतोस की मागचा. त्यानं टाकलेल्या पेपरात आपण हे सदर वाचता आहात.

गुरुजींनी शेवटी खरा कॅमेरा परत केला आणि दुकानातून डमी घेतला. आत काही नाही, बाहेर लाल दिवा लुकलुकतो. दुकानाच्या हिशेबात सर्वांत जास्त खप त्याचाच. खाली पाटी लटकवली: "आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात." दीड मीटर कुणी सोडणार नाही, पण हातभर तरी सोडतील अशी आशा. पहिले दोन दिवस सोडलंही. तिसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं तिबल सीट मागून आली, पाटी वाचली आणि चित्रात नीट यावं म्हणून चाकाला चाक लावून चालवायला लागली. एकानं केस सारखे केले. मागून ट्रॅक्टरवाल्यानं गाणं आणखी मोठं केलं आणि उसाच्या वर उभं राहून एक पोरगं ओरडलं, "गुरुजी, रील टाकलाव की आम्हाला टॅग करा!"