माळा उतरवताना

घरातल्या वस्तूंना टाकून द्यायची शिक्षा सहसा होत नाही, त्यांना पुढची तारीख मिळते. तारीख देणारं हे न्यायालय म्हणजे स्वयंपाकघराच्या नाहीतर न्हाणीघराच्या डोक्यावरचा माळा. मोडकी वस्तू तिथे जात नाही. ती भंगारात जाते, तिचा निकाल लगेच लागतो. माळ्यावर जातं ते ‘तसं चांगलं आहे’ या सदरातलं. म्हणूनच ते उतरवताना एवढी पंचाईत होते.

मुंबईच्या बांधकाम नियमावलीत माळ्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर ठरवून दिली आहे. वर कुणी बिऱ्हाड थाटू नये, हा त्यामागचा हेतू असावा. पण आम्हा पुणेकरांच्या माळ्यांनीही हा नियम मनापासून पाळलेला दिसतो. त्यामुळे वर जाणारा माणूस वाकूनच वावरतो, आणि कमरेत वाकलेल्या माणसाचं ना वस्तू ऐकतात, ना खाली शिडी धरून उभी असलेली घरची माणसं.

घट बसायच्या आधी आमच्याकडे माळा काढायचा ठराव दरवर्षी होतो. त्यात किरकोळ सामान निघतं. गेलेल्या फ्रिजचं खोकं निघतं, जे ‘वॉरंटीसाठी’ जपलं होतं आणि फ्रिजपेक्षा जास्त टिकलं. थर्माकोलचं मखर निघतं. २०१८च्या बंदीनंतर ते वापरताही येत नाही आणि कुणाच्या देखत टाकताही येत नाही. अवजड मंडळींपर्यंत पोचेस्तोवर जेवणाची वेळ होते. यंदा मात्र उलटीकडून सुरुवात करायची ठरली. आधी अवजड.

पहिली ट्रंक. पत्र्याची, काळी, झाकणावर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव आणि ‘पुणे’. उघडली तर आत होल्डॉल, होल्डॉलमध्ये सतरंजी आणि सतरंजीत डांबरगोळ्यांचा नुसता वास. हा होल्डॉल एके काळी घरातला कर्ता पुरुष होता. तो बांधून झाला की प्रवास ठरला, असं समजायचं. पुढे १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या आणि होल्डॉलची नोकरी गेली. समाजवादी माणसाच्या हातून झालेली ही बेकारी आमच्या माळ्याने इतकी वर्षं पोसली.

मग टीव्ही. एकवीस इंची, पाठीला कुबड असलेला. सगळं वजन पुढच्या काचेत आणि धरायला जागा मात्र मागे. दोन माणसांनी उचलला तरी तो नेहमी एकाच्याच अंगावर येतो. ‘चालू आहे हं तो,’ असं आई खालून म्हणाली. हे वाक्य गेली कित्येक वर्षं त्याचा जामीन आहे. त्याला चालवून बघायची कुणाची हिंमत होत नाही, कारण तो खरंच चालू निघाला तर काय करायचं?

शेवटी बंब. तांब्याचा, मधोमध कोळशांचं नळकांडं, खाली जाळी, पोटाला पितळी तोटी. तो माळ्याच्या दारातून बाहेरच येईना. आडवा केला, तिरका केला, आधी तोटी बाहेर काढून पाहिली. ‘वर गेला कसा मग?’ या प्रश्नावर घरात तीन मतं पडली आणि तिन्हींत वर चढवणारा माणूस वेगळा होता. शेवटी सौ.ने उलगडा केला. बंब आधी गेला आणि माळ्याला सनमायकाची दारं नंतर बसली. म्हणजे आम्ही त्याला आत ठेवून चौकट बांधली होती. सुतार बोलावला, चौकट उकलली. चौकटीच्या मजुरीत बाथरूमचा नवा गिझर येऊ शकला असता, पण हा हिशेब मी मोठ्याने केला नाही.

खाली आल्यावर बंब एकदम देखणा दिसायला लागला. ‘केळकर संग्रहालयात द्या,’ असं शेजारचे काका म्हणाले. दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा केले हे खरं. पण आमच्या बंबाची अडचण अशी की तो संग्रहालयासाठी तरुण आहे आणि न्हाणीघरासाठी म्हातारा.

भंगारवाल्याला बोलावलं. ट्रंक त्याने बोटाने वाजवून बाजूला ठेवली. टीव्हीकडे पाहून तो म्हणाला, ‘फुकट दिला तरी नको. ह्या काचेचं कोण काय करणार?’ त्या काचेत शिसं असतं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. बंब मात्र त्याने काट्याला लावला, आकडा पाहिला आणि म्हणाला, ‘आजी, खालच्या लोखंडी जाळीचं वजन कापणार.’

‘काप की,’ आई म्हणाली. ‘आणि तोटी पितळेची आहे, तिचा भाव वेगळा लाव.’

‘पितळ तांब्यापेक्षा स्वस्त असतं, आजी. वेगळं लावलं तर तुमचंच नुकसान.’

‘असू दे. तोटी आम्ही वेगळी घेतली होती.’

या मुद्द्यावर सौदा मोडला. भंगारवाला ट्रंक घेऊन गेला. होल्डॉल ऐन वेळी आईने काढून घेतला, कारण तो तसा चांगला आहे.