हक्काचे दहा मेगाबिट

ब्रिटनमध्ये रस्त्याकडेला हिरवी पेटी उभी असते. तिथवर इंटरनेट काचेच्या तंतूतून दिमाखात येते. पुढे घरापर्यंत मात्र टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून रखडते. पेटीशेजारी राहणाऱ्या भाग्यवंताला 80 मेगाबिटपर्यंत वेग. दोन किलोमीटरवरच्याचे हाल मात्र पंगतीच्या शेवटच्या पानासारखे, वाढपी पोचेतो जिलब्या संपलेल्या. कमाल अशी, की 2018पर्यंत दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेग जाहिरातीत सर्वांपुढे मिरवायची तिथे मुभा होती!

2020पासून मात्र 10 मेगाबिट हा कायदेशीर हक्कच झाला. जोडणीचा खर्च 3,400 पौंडांवर गेला, की वरची रक्कम तेवढी हक्कदारानेच भरायची. हक्क म्हणजे काय स्वस्त असतो?

वेग वाढवायचे घरगुती उपाय आहेतच: राउटर टेलिफोनच्या मुख्य सॉकेटलाच जोडा, जुनी एक्स्टेंशन वायर काढा, बिघडलेला फिल्टर बदला. थोडाफार फरक पडेलही. पण राउटर कितीही पुसला, तरी बाहेरची तार वीतभरही आखूड होत नाही. फायबर थेट घरात आणणे, हाच खरा इलाज. बाकी सगळी मलमपट्टी.