तोंडाला फेस: ड्राफ्ट बिअरच्या कूलिंगची दुरुस्ती, होतकरूंसाठी

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि नळाच्या ताज्या बिअरची चटक शहराला लागली. तेव्हापासून फ्रिजवाल्या मेकॅनिकांच्या पोरांना हे एक नवीन खातं उघडलं आहे. त्यात शिरू पाहणाऱ्याने आधी चेहरा कमवावा. पबमालकाचा फोन शनिवारी संध्याकाळीच येतो आणि मजकूर ठरलेला असतो: "नुसता फेस येतोय, गॅस संपलाय, ताबडतोब या." गेल्यावर मशीनसमोर हाताची घडी घालून उभं राहायचं आणि जिभेने 'च्च' करायचं. एवढं साधलं की निम्मी विद्या आली.

आता उरलेली निम्मी. बाणेर असो की कोरेगाव पार्क, मांडणी तीच. मागे कोल्ड रूम, तिच्यात केग, आणि केगपासून काउंटरवरच्या टॅपपर्यंत आलेली नळी. वाटेत बिअर तापू नये म्हणून नळीला खेटून ग्लायकॉल घातलेलं गार पाणी फिरतं आणि सगळ्या जुडग्यावर फोमचं जाड आवरण असतं. चिलरच्या टाकीतलं हे पाणी शून्याच्या खाली असतं, म्हणूनच त्यात ग्लायकॉल लागतं. टाकीची पातळी उतरली की पोऱ्या बादलीभर नळाचं पाणी ओततो आणि पुढच्या आठवड्यात कॉइलवर बर्फ धरून पंप गप्प होतो. ग्लायकॉल प्रॉपिलीनचंच हवं. गाडीच्या कूलंटचा डबा स्वस्त पडेल असं कोणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि एवढ्या वाक्यापुरता मी गंभीर आहे.

मालक म्हणतो तो गॅस कोणता? यंत्रणेत दोन आहेत. गारवा करणारा बंद नळ्यांतून फिरतो. गळती नसेल तर तो जन्मभर संपत नाही. दुसरा सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, जो बिअर पुढे ढकलतो. "यातला नक्की कोणता?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "दोन्ही भरून टाका." भरू नका. खिशातून थर्मामीटर काढा.

एकापाठोपाठ दोन ग्लास भरायचे आणि थर्मामीटर दुसऱ्यात बुडवायचा. पहिल्यात फेस आणि दुसरा स्वच्छ असेल तर टॅप किंवा त्याचा खांब तापलाय. चिलरचं गार पाणी वरपर्यंत पोहोचतंय का ते बघा. दोन्ही ग्लासांत फेसच फेस आणि काटा आठ-नऊ अंशांवर असेल तर टॅपला नावं ठेवू नका, केगच गरम आहे. बिअर साधारण तीन अंशांवर हवी. त्याहून तापली की पोटातला वायू तिला धरवत नाही. कोमट सोड्याची बाटली उघडलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. पण बारमनला वाटतं, दाब जास्त झालाय. तो रेग्युलेटर पिळून दाब उतरवतो, मग वायू नळीतच सुटू लागतो आणि फेस दुप्पट होतो. मग तो आणखी पिळतो. केगजवळच्या पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसली की समजावं, तुमच्या आधी कोणीतरी दुरुस्ती करून गेलंय.

आता कोल्ड रूममध्ये जा. खरा गुन्हा इथेच घडलेला असतो. दाराच्या फटीत रिकामा क्रेट अडकवलेला, कारण सारखी उघडझाप कोण करणार? प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा तोंडावर येतो म्हणून सुतळीने वर बांधलेला. केगांच्या डोक्यावर पनीर, दह्याचे डबे, मसाला लावलेली कोंबडी आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. कोपऱ्यातला केग हाताला कोमट लागतो. विचारलं की बारमन अभिमानाने सांगतो, "एकदम ताजा आहे सर, दुपारीच टेम्पोतून उतरवला." पन्नास लिटर बिअर मे महिन्यात टेम्पोतून हिंडून आली की पुरती गार व्हायला एक अख्खा दिवस घेते. याला कोणताही स्पेअर पार्ट मिळत नाही.

आत डोकं जड झालं किंवा धाप लागली तर मात्र शहाणपणा न करता बाहेर पळा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, गळाला की तळाशी साचतो. दार सताड उघडं टाकण्याचा हा एकमेव रास्त प्रसंग.

कंडेन्सर हमखास स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसमोर बसवलेला असतो. तेलकट धुळीने फिन्यांवर कांबळं विणलेलं दिसेल. ते मऊ ब्रशने फिन्यांच्या दिशेनेच काढा, आडवा ब्रश मारलात तर त्या मुडपतील. नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुवायच्या आणि साध्या पाण्याने पुरत्या खळखळवायच्या; टॅपही खोलून घासायचा. मालक म्हणेल, "ड्राय डेला करू की." २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर धरले तर प्रजासत्ताकाने त्याला वर्षात तीनच धुणी मंजूर केली आहेत. बाकीच्यांसाठी निवडणुकांची वाट बघत बसायची.

शेवटी बिल. त्यावर 'क्रेट काढून दार लावले' असं कधीही लिहू नये. त्याचे पैसे कोणी देत नाही. 'कोल्ड रूम सीलिंग, तापमान कॅलिब्रेशन, व्हिजिट चार्ज' असं लिहावं आणि कोमट केग उद्या रात्रीपर्यंत न लावण्याची ताकीद बारमनला तोंडी द्यावी. तो तुमच्या मागे अर्ध्या तासात लावेलच. म्हणून पुढच्या व्हिजिटची तारीख त्याच बिलावर टाकून घ्यावी.