हात धुतले का?

अहिवाऱ्याला काकांच्या घरी पाऊल टाकलं की "कसा आहेस" च्या आधी प्रश्न येतो, "हात धुतले का?" जेवणाला अजून दोन तास असतात. हात धुवायचे ते तबकडी बघण्यासाठी.

काकांचं आयुष्य नंदिनीच्या खाणीत गेलं. भिलाईच्या भट्ट्यांची चुनखडी इथली. भोंगा झाला, सुरुंग उडाला की कपाटातल्या बशा थरथरायच्या आणि थोड्या वेळानं खिडकीत पांढरी धूळ येऊन बसायची. अशा जागी रेकॉर्डी जमवणं म्हणजे कोळशाच्या वखारीत धोतर वाळत घालणं. काकांनी ते चाळीस वर्षं केलं.

सध्या त्यांच्या देव्हाऱ्यात एकच नाव आहे, चरणजित सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली एचएमव्हीसाठी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरव, ललित, मेघमल्हार, मालकंस, सगळे. संगतीला तबलजी नाही, रोलंड कंपनीची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३.

"हे तीनशेतीन काऊन केलं होतं, माहीत आहे?" काका विचारतात. उत्तराची वाट बघायची त्यांना सवय नाही. "एकट्यानं गिटार घोटणाऱ्याला बासची साथ मिळावी म्हणून! गिटारवाल्यांनी नाक मुरडलं, कंपनीनं बंद केलं. मग शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं, कळा पिळल्या, आन् १९८७ मध्ये 'अॅसिड हाउस' म्हणून जग नाचलं. आपल्या सरदारजींनी पाच वर्षं आधी तेच केलं होतं गा! ते यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरते. घसरते म्हणजे काय? मींड!"

आतून काकूंचा आवाज येतो, "मिक्सरवर चटणी वाटल्यासारखी मींड."

काकू गाणं शिकलेल्या आहेत, त्यामुळे या घरात समीक्षा कधी बंद पडत नाही.

ती रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये हॉलंडच्या एका छोट्या कंपनीनं ती पुन्हा काढली आणि युरोपातले लोक सत्तरीच्या चरणजितना वाजवायला बोलावू लागले. २०१५ मध्ये ते गेले. काकांकडे आहे ती ही नवी आवृत्ती, जावयानं परदेशातून आणलेली. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, उभी. वाजवत नाहीत. खाचा झिजतील. ऐकायची हुक्की आली की मोबाइल स्टीलच्या गडव्यात उभा करतात, समोर तबकडी ठेवतात आणि डोळे मिटतात. गडव्यातला मेघमल्हार मी एकदा ऐकला. पाऊस पत्र्यावर पडत होता एवढं खरं.

"मूळ ८२ची मिळत नाही का?" मी सहज विचारलं. काकांचा चेहरा पडला, काकूंचा खुलला.

मूळ प्रत काकांकडे होती. ८३ साली राग म्हणून घेतली, सुई टेकवली आणि यंत्र बिघडलं म्हणून दोनदा स्क्रू ड्रायव्हर काढला. पुढल्या वर्षी काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. रुखवतासाठी काहीतरी नवीन हवं होतं. काकूंनी विचारलं, काकांनी स्वतः होकार भरला, आणि दहाही राग उकळत्या पाण्यातून निघून झालरीची परडी झाले.

ती परडी आजही नागपुरात मेहुणीच्या दिवाणखान्यात आहे. दर दिवाळीला काका जातात. मेहुणी पानसुपारी पुढे करते. काका सुपारी बोटानं हळूच बाजूला सारतात, तळाचं लेबल वाचतात आणि परडी परत देतात.

"घ्या ना भाऊजी."

"नको. हात धुतले नाहीत."